जिवंत राहिलेल्या कवीविषयी

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इराणी कवी फर्रुखी यझ्दीबद्दल तू लिहिलंस ते वाचून मीही बराच वेळ अस्वस्थ होतो. यझ्दच्या हाकिमाने सुईदोऱ्याने ओठ शिवले तरी त्याची लेखणी थांबली नाही, आणि शेवटी 1939 साली तेहरानच्या कस्र तुरुंगात त्याचा जीव घेतला गेला. अशा माणसापुढे हात जोडावेत, दुसरं काय करणार! पण त्याच पत्रात त्याच्या काळातल्या बहार या कवीला तू एका ओळीत निकालात काढलंस. तुरुंगातून सुटायला ज्याने इराणच्या राजाची, रझा शाहची स्तुती केली, त्याला कशाला वाचायचं, असं तू विचारतोस. हे मला पटत नाही. आपली इतक्या वर्षांची मैत्री आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

मोहम्मद तकी बहार 1886 साली मशहदला जन्मला. वडील सबूरी हे इमाम रझांच्या दर्ग्याचे राजकवी, 'मलिकुश्शुअरा'. ते वारले आणि किताब या अठराएक वर्षांच्या पोराकडे आला. लोक कुजबुजू लागले, की बापाच्या कविता हा स्वतःच्या म्हणून वाचतो. मग भर बैठकीत परीक्षा झाली. चार शब्द दिले, जपमाळ, दिवा, मीठ आणि चिनार. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि चारही एका रुबाईत, म्हणजे चार ओळींच्या कवितेत, आले पाहिजेत, तेही तिथल्या तिथे. बहारची रुबाई साधारण अशी: कफनी आणि जपमाळ घेतलेलं मला पाहून सखी म्हणाली, वैराग्याच्या दिव्यातून उजेड पडत नसतो, मिठाच्या खाणीत कुणाला मध दिसला नाही, की चिनाराच्या फांदीवरून कुणी फळ तोडलं नाही. अशा आणखीही परीक्षा झाल्या, पण मला हीच आवडते. मिठाची खाण ज्याला त्या क्षणी सुचते, त्याला बापाची वही कशाला लागेल?

या पोराला दर्ग्याच्या सावलीत कसीदे, म्हणजे स्तुतीची दीर्घकाव्यं, रचत आयुष्य सुखात काढता आलं असतं. पण 1906 ची संवैधानिक क्रांती झाली, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि रशिया यांनी इराणला न विचारता इराणची वाटणी करून घेतली. उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय ब्रिटनच्या. मशहद रशियाच्या वाट्याला गेलं. बहारने ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रेला उद्देशून कसीदा लिहिला आणि 1910 मध्ये मशहदमध्येच 'नौबहार' हे पत्र काढलं. रशियन कॉन्सुलच्या दबावाने ते बंद पडलं, तर त्याने 'ताझे बहार' काढलं. तेही बंद झालं आणि त्याला तेहरानला पाठवून दिलं. पत्र बंद पडलं की दुसऱ्या नावाने काढायचं, हे त्या पिढीच्या अंगवळणीच पडलं होतं. तुझ्या फर्रुखीनेही आपल्या 'तूफान' पत्रावर बंदी आली की दुसऱ्यांच्या पत्रांच्या नावाने अंक काढलेच की.

एका बाबतीत मात्र मी बहारची बाजू घेणार नाही. 1919 मध्ये पंतप्रधान वुसूकुद्दौलाच्या सरकारने इराणला ब्रिटनच्या मुठीत देणारा करार ब्रिटनशी केला, तेव्हा तो त्या सरकारच्या बाजूने होता, आणि सरकारच्या जवळचं 'ईरान' हे पत्र चालवत होता. मजबूत मध्यवर्ती सरकार आल्याशिवाय देश उभा राहणार नाही, असं त्याला मनापासून वाटे. फर्रुखी त्याच कराराला विरोध करून तुरुंगात गेला. इथे फर्रुखी खरा ठरला, हे मी मान्य करतो.

पण मजबूत सरकारची वाट पाहणारा हाच माणूस, रझा खान (हाच पुढे रझा शाह झाला) तसं सरकार घेऊन आला तेव्हा त्याच्या विरोधात उभा राहिला, हेही बघ. मजलिसमध्ये, म्हणजे इराणच्या संसदेत, तो मुदर्रिस या धर्मपंडिताच्या अल्पमतातल्या गटात बसला. 1924 च्या जुलैमध्ये 'कर्न-ए-बीस्तुम' या पत्राचा संपादक, कवी मीर्झादे इश्की याला गोळ्या घालून मारलं. वय फक्त तिशीचं. आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीस, काजार हे राजघराणं पदच्युत करण्याचा प्रस्ताव मजलिससमोर असताना, बहारने विरोधात भाषण केलं. बाहेर मारेकरी थांबले होते. त्याच सुमारास वाइझ कझवीनी नावाचे एक संपादक तिथून बाहेर पडले. आपल्या पत्राच्या कामासाठी ते कझवीनहून तेहरानला आले होते. शरीरयष्टी आणि पोशाख बहारसारखा. मारेकऱ्यांनी त्यांनाच गाठलं आणि ठार केलं. त्यानंतर लगेचच, 31 ऑक्टोबर 1925 ला, मजलिसने काजारांना पदच्युत केलं.

दिनकर, या रात्रीपाशी जरा थांब. बहारसाठी झाडलेली गोळी ज्याला लागली, त्याचा या भांडणाशी काहीच संबंध नव्हता. बहारने त्यावर कविता लिहिली, आणि त्यानंतर तो आणखी पंचवीस वर्षं जगला. त्यातली सोळा वर्षं रझा शाहच्या राज्यात. मुदर्रिस हद्दपारीत मारला गेला, फर्रुखी तुरुंगात. 1933 च्या नौरोझच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, सुमारास पोलिसांनी बहारलाही उचललं, काही महिने कोंडलं आणि मग इस्फहानला हद्दपार केलं. घरात बायकापोरं, हाती पैसा नाही. तेव्हा त्याने शाहची स्तुती लिहिली, हे खरं आहे. पण त्याच काळात त्याने तुरुंगावरचं 'कारनामे-ए-झिंदान' हे दीर्घकाव्यही लिहिलं. स्तुतीच्या ओळींवरून त्याला जोखायचं असेल, तर हे काव्यही त्याच तागडीत घाल. 1934 मध्ये 'शाहनामा'कार फिरदौसीच्या सहस्राब्दीचा सोहळा ठरला आणि पंतप्रधान मुहम्मद अली फरूगीच्या मध्यस्थीने त्याला तेहरानला परत आणलं गेलं.

मग राजकारणाची दारं बंद झाल्यावर त्याने जे केलं, ते मला सर्वांत मोठं वाटतं. हर्ट्झफेल्ड या जर्मन पंडिताकडे तो पहलवी ही इस्लामपूर्व इराणची भाषा शिकला. 'यादगार-ए-झरीरान' या पहलवी काव्याचं त्याने फारसी भाषांतर केलं. गंमत म्हणजे या ग्रंथाची छापील संहिता आपल्या मुंबईतच, पारशी पंडित जामास्पजी जामास्प-आसाना यांनी सिद्ध केली होती. तेहरान विद्यापीठात तो शिकवू लागला आणि फारसी गद्याच्या हजार वर्षांच्या वाटचालीवर 'सबक-शिनासी'चे तीन खंड लिहिले. फारसी साहित्याचे विद्यार्थी आजही त्यापासून सुरुवात करतात. मेलेल्या कवीच्या हातून हे झालं नसतं.

आणि 'मुर्ग-ए-सहर' हे गाणं! मुर्तझा नैदाऊदची चाल, बहारचे शब्द. पहाटेच्या पक्ष्याला तो सांगतो, रड, माझी जखम पुन्हा ताजी कर. पुढे जुलमाने घरटं उद्ध्वस्त केल्याची तक्रार येते. शंभर वर्षांत तिथे राजे गेले, क्रांती आली, पण हे गाणं कुणाला थांबवता आलं नाही. 2020 मध्ये गायक शजरियान वारला, तेव्हा तेहरानच्या हॉस्पिटलबाहेर जमलेल्या लोकांनी हेच गायलं.

1941 मध्ये शाह गेल्यावर बहार पुन्हा राजकारणात उतरला. 'नौबहार' परत काढलं, पक्षांचा इतिहास लिहिला, 1946 मध्ये पंतप्रधान कवामच्या मंत्रिमंडळात काही महिने शिक्षणमंत्री होता. ते प्रकरण फारसं लिहिण्याजोगं नाही. मग क्षयाने गाठलं. उपचारासाठी स्वित्झर्लंडमधल्या लेझँला गेला, तिथून मायदेशाची आठवण काढत कविता लिहिली. परत आल्यावर, शरीर खंगलेलं असताना, इराणमधल्या शांतता चळवळीचा अध्यक्ष झाला आणि 'जुग्द-ए-जंग', युद्धाचं घुबड, हा कसीदा लिहिला. हिरोशिमाला तेव्हा पाचच वर्षं झाली होती. 1951 च्या एप्रिलमध्ये तो वारला. तेल राष्ट्रीयीकरणाचा निर्णय झालेला त्याने पाहिला, पण मुसद्दिक पंतप्रधान होण्याआधी काही दिवस तो गेला.

बहारच्या 'दमावंद' या कवितेचं भाषांतर करायला घेतलंय. 'पायात बेडी घातलेल्या पांढऱ्या राक्षसा' अशी त्या पर्वताला हाक मारून तो सुरुवात करतो, आणि शेवटाकडे त्याला फुटून बाहेर पड म्हणतो. 1922 ची कविता आहे, स्तुतीच्या कितीतरी आधीची. पहिला खर्डा याच आठवड्यात पोस्टात टाकतो. लाल पेन घेऊन बस, आणि बहारबद्दल मत बदललं नाही तर तसंही स्पष्ट कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत