देणगीत वीजबिलही धरा

महोदय,

वाचनालयाला, सभागृहाला देणगी मिळाली की बातमीत रकमेचा आकडा ठळक छापला जातो. इमारत पुढे चालणार कशावर, हे मात्र त्यात सापडत नाही.

कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे नागपूर विद्यापीठाला दिलेली देणगी 1930 मधली. तिच्यातून अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली 1942 मध्ये. नागपुरात 1877 साली एम्प्रेस मिल काढणारे जमशेटजी टाटा 1904 मध्ये वारले, त्यांच्या देणगीतली बंगळूरची विज्ञान संस्था 1909 ची. संस्था सुरू झाल्या तेव्हा दोघेही दाते हयात नव्हते. पैसा कशासाठी, हे आधीच स्पष्ट ठरलेलं होतं, म्हणून काम अडलं नाही. टाटांचा 1892 चा शिक्षणनिधी तर कर्जाऊ शिष्यवृत्तीचा: एकाने फेडलेली रक्कम पुढच्याच्या कामी येते.

अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगींच्या पैशातून अडीच हजारांवर वाचनालयं झाली. त्यांची अट साधी होती. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी कर लावून खर्चाला ठेवायची.

आपल्याकडे हा हिशेब एक कोटीच्या देणगीवर करून पाहा. इमारतीला 35 लाख, कायम निधीत 65 लाख. सात टक्क्यांनी व्याज 4 लाख 55 हजार. त्यातले 15 टक्के, म्हणजे साधारण 68 हजार, मुद्दलात परत टाका. नाहीतर महागाई निधी खाऊन टाकते. उरलेल्या 3 लाख 87 हजारांत इमारतीच्या दहा टक्क्यांचा खर्च भागतो. त्यात वीजबिल, चौकीदार, वाळवीची फवारणी आणि उन्हाळ्याआधी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलणं, सगळं आलं. एक कोटीची इमारत बांधून टाकली तर मागे उरते फक्त संगमरवरी पाटी. पाटीला खर्च नसतो, हे खरं!

बिघडतं ते बहुधा कागदात. देणगीच्या पत्रात ‘कायम निधीसाठी’ असं लेखी नसेल, तर रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते. मग आयकराच्या सवलतीसाठी उत्पन्नाच्या 85 टक्के खर्च दाखवायची घाई होते आणि गरज नसताना फरशा बदलल्या जातात. दुसरं, विश्वस्त वारला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज करायचा असतो. घरचे, कार्यकारिणी सगळे विसरतात. वर्षांनी बँक सही अडवते, ठेव तशीच पडून राहते आणि इकडे मीटर कापलं जातं. जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ही अडचण नव्हे, दात्याच्या बाजूचं कुलूप आहे. ते सैल करा अशी मागणी कुणी करू नये.

महापालिकेने दात्याच्या नावाने जागा देण्यापूर्वी कायम निधीची ठेवपावती आणि वार्षिक खर्चाचा तक्ता मागावा. नकाशा मंजुरीच्या फायलीतच ते दोन्ही कागद लावले, तर वेगळा नियम करण्याचीही गरज नाही.

— एक वाचक, धंतोली, नागपूर