जुळ्या नाती आणि एकच माऊस

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मंगळवार पेठेत तीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. मशीनचा खडखडाट गेला, कॉम्प्युटर आले; ‘रक्तातच असावं लागतं’ हे वाक्य मात्र गेलं नाही. परवा शाळेतल्या पालकसभेत ते माझ्याच नातीबद्दल ऐकलं. ‘धाकटीच्या रक्तात कॉम्प्युटर नाही, आजोबा.’

थोरली तिच्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. एकाच फलित बीजांडातून झालेल्या जुळ्या, म्हणजे दोघींची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी. मग एकीच्या रक्तात आलेलं दुसरीला चुकवून कसं गेलं?

जुळ्यांवरून रक्त आणि वळण यांचा हिशेब मांडायला फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये सुरुवात केली. जनुकांचा वाटा असतोच, मी नाकारत नाही. पण तो पुष्कळ माणसांमधल्या फरकातला वाटा असतो, एका पोरीकडे बोट दाखवून सांगायचा नव्हे. शिवाय तो कायमचा ठरलेलाही नाही. उद्या घरोघरी सारखीच सोय झाली, तर परिस्थितीने पडणारा फरक घटेल आणि जनुकांचा वाटा मोठा दिसू लागेल; जनुकं आहेत तीच राहतील.

आमच्या घरातली परिस्थिती सांगतो. कॉम्प्युटर एक, टेबल भिंतीला चिकटलेलं, माऊसची वायर आखूड, उजवीकडेच पुरणारी. धाकटी डावखुरी. पहिल्या दिवशी तिचा बाण भलतीकडेच पळाला, थोरली हसली आणि खुर्चीत बसली ती बसलीच. धाकटी पाठीमागे उभी राहून ‘तिथं दाब, तिथं’ सांगायची. सांगायची ते बरोबर असायचं! लेखी पेपरात दोघींना गुणही सारखेच. पण शाळेत एकटीला बसवलं की हात मागे. एका घरात वाढल्या म्हणून दोघींना वळण सारखंच मिळालं, असं नाही. टायपिंग शिकवणाऱ्या माणसाला हे दोन वर्षं दिसलं नाही, याची लाज वाटते.

शाळांना एकच विनंती. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघं बसवता, तर तास निम्मा झाला की माऊस दुसऱ्याच्या हातात द्या. डावखुऱ्यांसाठी माऊसची बटणं सेटिंगमधून उलटी होतात, मिनिटभराचं काम. जमत नसेल तर मला बोलवा, चहावर येतो.

– एक निवृत्त टायपिंग शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर