बिनपाण्याचा एक गांडूळ-संडास इंदूरलाही होऊ द्या

माननीय महापौर, इंदूर नगर निगम
सप्रेम नमस्कार.

नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून आलेली नर्मदा आपण पितो आणि बऱ्याच घरांत तीच फ्लशलाही सोडतो. ड्रेनेज आहे तिथे चालवून घेऊ. पण लाइन पोचलेली नाही अशा टेकडीवरच्या बागांत टँकर लावून संडास धुण्यापेक्षा गांडुळांवर चालणारा, म्हणजे खालच्या कप्प्यात गांडुळं मैला खाऊन त्याचं खत करतात असा, बिनपाण्याचा संडास एकदा करून पाहावा, ही विनंती.

कुजवण्याचं शास्त्र इंदूरला परकं नाही. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इथेच काडीकचरा आणि शेण कुजवून खत करण्याची रीत बसवली. जग तिला 'इंदूर पद्धत' म्हणतं. (तीत गांडुळं सोडत नसत, हे सांगून टाकतो, नाहीतर उद्या तसंही होर्डिंग लागेल.)

लागतात ती आयसेनिया फेटिडा जातीची तांबडी गांडुळं, गांडूळखतवाल्यांकडची. लघवीतल्या अमोनियाने आणि क्षारांनी ती मरतात, म्हणून सीटपासूनच लघवीची वाट वेगळी. शिवाय आपण पाण्याने धुणारी माणसं. त्या पाण्यालाही वेगळा शोषखड्डा हवा. परदेशी नमुना जसाच्या तसा बसवला तर आत नुसता चिखल होईल. पस्तीस अंशांपुढे गांडुळं तग धरत नाहीत आणि आपला मे महिना चाळिशी ओलांडतो, तेव्हा कप्पा जमिनीत, सावलीत आणि पावसाचं पाणी शिरणार नाही असा. आणि फिनाइल! सफाईमित्रांच्या हाताला ते बसलेलं आहे. इथे एक बादली ओतली की खेळ खलास. त्यांना आधी शिकवा, उद्घाटनाची फीत मग कापा.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानुसार, मैला पूर्ण कुजण्याआधीच माणसाला हाताने साफ करावा लागतो तो संडास 'अस्वच्छ' ठरतो. त्यामुळे कप्पे दोन हवेत. भरलेला निदान वर्षभर बंद. जंतांची चिवट अंडी गांडुळांच्या पोटातून गेली म्हणून मरतातच असं नाही. ते खत भाजीला नको, झाडांना द्या.

पितृ पर्वतावर जागा पाहता येईल. ठेक्यात दोन वर्षांची देखभाल घाला, खताची तपासणी मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी विभागाकडून करून घ्या आणि गांडुळं पावसाळा संपल्यावर सोडा.

आपला,
राजेंद्र नगरातला एक करदाता