सुट्टी सरकारची, भाडे माझे

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : अपघातग्रस्त गाड्यांच्या क्रेनचे आणि यार्डातल्या भाड्याचे दर ठरवण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

माझ्या टेबलावर एक पावती पडली आहे. पावती कसली, कार्बन घालून केलेली कच्ची नोंद. वर ना दुकानाचे नाव, ना जीएसटी क्रमांक. बॉलपेनने लिहिलेय : 'क्रेन ८५००. पार्किंग ११ दिवस, ५०० प्रमाणे ५५००. इतर १२००.' खाली बेरीज १५,२००, तिच्यावर काट आणि बाजूला १४,०००. हे बाराशे सुटले ते माझ्या घासाघिशीने नव्हे. बायकोचा प्लास्टरमधला हात बघून यार्डवाल्याला दया आली, असे तो स्वतःच म्हणाला.

२०२५ मध्ये राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती. आम्ही दोघे कराडला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पुण्याला परत निघालो. पावसाची भुरभुर चालू होती. पुढच्या बसने करकचून ब्रेक दाबला, मी थांबलो, मागचा टेम्पो काही थांबला नाही. आमची नऊ वर्षांची वॅगन आर दुभाजकावर चढून तिरकी झाली. टेम्पोतले टोमॅटोचे क्रेट रस्ताभर पसरले. बायकोचे मनगट मोडले, टेम्पोच्या क्लीनरच्या डोक्याला टाके पडले. जिवावरचे बोटावर निभावले म्हणायचे.

१०८ वर पत्ता सांगतोय तोवर पिवळी हायड्रा क्रेन समोर हजर. रुग्णवाहिकेच्या आधी. कोणी बोलावली, ते आजतागायत कळलेले नाही. मी विचारले, "किती घेणार?" तर तो पोरगा म्हणाला, "काका, आधी बाजूला घेऊ, मागं ट्रॅफिक बघा किती तुंबलंय. पैशाचं बघू नंतर." एका हाताने बायकोला सावरत, मागून हॉर्न वाजत असताना, टोचनाचा भाव कोण ठरवत बसणार? मी मान हलवली. ती मान साडेआठ हजारांची होती. अंतर म्हणाल तर नऊ किलोमीटर.

इथे माझी चूकही सांगून टाकतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, टोल घेणाऱ्या रस्त्यावर क्रेन आणि गस्तीची गाडी ठेवणे हे करारातच असते. तो आकडा मी टोलनाक्यावर शंभर वेळा वाचला असेन. त्या क्षणी आठवला नाही. काचेच्या चुऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला काही म्हणजे काही आठवत नाही, हे आपल्या खात्याने गृहीत धरायला हवे.

पण क्रेनचे साडेआठ हजार ही माझी मुख्य तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या अकरा दिवसांची.

पोलीस ठाण्यात जागा नव्हती, म्हणून दोन्ही गाड्या रस्त्यालगतच्या एका खाजगी यार्डात लावल्या. पत्र्याचे कुंपण, आत चिखल आणि मोडक्या मोटारसायकलींची रांग. काहींच्या चाकांतून वेल वर चढले होते. सोमवारी पंचनामा झाला. जखमी होते, म्हणजे गुन्हा नोंदवला जाणार, मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासणार, आणि तोवर गाडी हलवायची नाही. हे रीतसरच आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. निरीक्षक आले गुरुवारी, १४ तारखेला. भला माणूस. ब्रेक बघितले, टायर बघितले, दहा मिनिटांत काम उरकले. शुक्रवारी स्वातंत्र्यदिन. शनिवारी दहीहंडी. मग रविवार. सोमवारी अहवाल पोहोचला नव्हता, मंगळवारी साहेब बंदोबस्तावर होते, बुधवारी सही झाली आणि गुरुवारी, २१ तारखेला, गाडी सोडण्याचे पत्र माझ्या हातात पडले.

या अकरा दिवसांत मला गाडी न्यायची मुभा एकही दिवस नव्हती. मी विसरलो म्हणून ती तिथे नव्हती, पैसे नव्हते म्हणून नव्हती. कायद्याला ती हवी होती म्हणून होती. आणि भाडे रोज पाचशे, माझ्या नावावर. सुट्टी सरकारची, भाडे माझे.

घरी आल्यावर मी मोटार वाहन कायदा, १९८८ उघडून बसलो. (निवृत्त माणसाला वेळ असतो.) कलम १३६ मध्ये अपघातग्रस्त गाडीच्या तपासणीची तरतूद आहे. गाडी तपासणीसाठी हलवली तर कुठे नेली ते मालकाला कळवायचे आणि सोपस्कार पूर्ण झाल्यावर चोवीस तासांत ती मालकाच्या, चालकाच्या किंवा ती ज्याच्या ताब्यात होती त्याच्या हवाली करायची, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. माझी तपासणी १४ तारखेला संपली. चोवीस तास मोजले तर बरोबर झेंडावंदनाची वेळ येते! सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगून ठेवले आहे की जप्त केलेल्या गाड्या ठाण्यासमोर सडवत ठेवण्यात काही अर्थ नाही, बंधपत्र, हमी घेऊन त्या लवकर सोडाव्यात. तो निकाल आला तेव्हा माझा मुलगा शाळेत होता, आता त्याचा मुलगा शाळेत जातो. यार्डातले ते वेल किती वर्षांचे होते कोण जाणे.

आता माझ्या मागच्या टेम्पोवाल्याचे ऐका. चूक त्याची होती, ते तो नाकारत नव्हता. स्वतःचा टेम्पो, स्वतःच चालक. पाचव्या दिवशी मी यार्डात गेलो तेव्हा तो टेम्पोच्या फाळक्याला टेकून बसला होता. उरलेले टोमॅटो हौद्यात सडून त्यांचे पाणी खाली ठिबकत होते, माश्या घोंगावत होत्या त्या वेगळ्याच. त्याला दिवसाला सातशे लावले होते, गाडी मोठी म्हणून. "काका, तुमची गाडी बंद म्हणजे तुमी एसटीनं जाल. माझी बंद म्हणजे चूल बंद. त्यात सात तारखेला हप्ता." मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो. चहा पाजून परत आलो.

त्याच दिवशी लक्षात आले की आमच्या गाडीची बॅटरी जागेवर नाही. विचारले तर "आली तेव्हाच नव्हती." अपघातानंतर रेडिएटरमधून वाफ येत होती म्हणून मी बोनेट उघडून फोटो काढला होता, त्यात बॅटरी ठळक दिसते, दोन महिन्यांपूर्वी बदललेली, वर दुकानाचा स्टिकर. फोटो दाखवला. यार्डवाल्याने तो मोठा करून बघितला, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "इथं रात्री लई लोक येतात." म्हणजे पाचशे रुपये कशाचे, हा प्रश्न मी तिथे गिळला, इथे विचारतो आहे.

विम्याचे म्हणाल तर तीही एक गंमतच आहे. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत एक ओळ असते : अपघातानंतर गाडी सांभाळून जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचा आणि परत पोचवण्याचा वाजवी खर्च, सगळा मिळून जास्तीत जास्त १,५०० रुपये. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दर-अटींच्या नियमावलीत, हाच आकडा होता आणि तोच माझ्या पॉलिसीत आहे. यार्डाच्या भाड्याला त्याच्याबाहेर जागा नाही. विमा कंपनीचे सर्व्हेअर म्हणाले, गाडी वर्कशॉपला आणा, मग बघतो. ती आणता येत नव्हती म्हणून तर सगळे चालले होते. शेवटी दीड हजार मिळाले, साडेबारा हजार माझे गेले. विमा नियामक आपल्या हाताखाली नाही हे ठाऊक आहे. पण एक पत्र तर आपणही लिहू शकता.

आपल्या हातात आहे ते वेगळे. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले, टॅक्सीचे ३१. हे ठरवायला महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण आहे, सूत्र आहे, मीटरची तपासणी आहे. दीड किलोमीटरच्या रिक्षासाठी सरकार रुपया-रुपया मोजते, आणि रिक्षात बसणारा माणूस तर धडधाकट असतो, पटले नाही तर पुढच्या रिक्षाला हात करतो. क्रेनच्या गिऱ्हाइकाला पुढची क्रेन नसते. कायद्याचे कलम १२७ म्हणते की रस्त्यात धोका करणारी गाडी पोलिसांनी उचलायला लावली तर टोचनाचा सगळा खर्च मालकाचा. किती, ते तिथे लिहिलेले नाही. ते लिहिण्याची वाट कलम १३८ मध्ये आहे : रस्त्यात बंद पडलेल्या, उभ्या राहिलेल्या गाड्या हलवणे आणि त्या सुरक्षित ठेवणे, याबद्दल नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. हा विषय गृहखात्याचा, असे उत्तर कृपया पाठवू नका. पोलीस त्यांचे असतील, नियम आपल्याला करता येतो.

क्रेनवाले सगळे लुटारू आहेत असे मी म्हणत नाही. घाटात, पावसात, रात्री दोन वाजता दरीच्या तोंडावरून ट्रक ओढून काढणारी पोरे मी पाहिली आहेत, ते काम साडेआठशेत होणार नाही. डिझेल आहे, हायड्राचा हप्ता आहे, आणि क्रेन आठ-आठ दिवस नुसती उभी असते तो खर्चही कुणीतरी भरायचाच. म्हणून दर ठरवताना त्यांनाही बोलवा. दुचाकी, मोटार, टेम्पो, ट्रक वेगळे, घाटाचे वेगळे, रात्रीचे वेगळे, पहिल्या दहा किलोमीटरला इतके आणि पुढे इतके. आणि तो दर क्रेनच्या दारावर रंगवलेला असू द्या, मराठीत, मोबाइलच्या उजेडात वाचता येईल एवढ्या अक्षरांत. गाडी कुठे न्यायची ते मालकाला विचारून, त्याची सही घेऊन न्यावी. मालक शुद्धीवर नसेल तर पोलिसांनी ठरवावे, पण लिहून. गाडी यार्डात घेताना चार बाजूंनी आणि बोनेट उघडून फोटो काढावेत, म्हणजे बॅटरी 'आधीच नव्हती' असे कुणाला म्हणता येणार नाही.

माझा भाचा कॅनडात मिसिसागाला असतो. तो सांगत होता की तिथे ऑंटारिओ प्रांतात टोइंगच्या धंद्यात इतकी मारामारी झाली, गाड्या जाळण्यापर्यंत, की शेवटी प्रांताने २०२४ पासून टोइंगवाल्यांना आणि गाड्या ठेवणाऱ्यांना सरकारी प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि कमाल दर आधी कळवायला लावले. आपल्याकडे गोष्ट त्या थराला जायची वाट कशाला बघायची?

आणि सगळ्यात महत्त्वाचे, भाड्याचा मीटर. गाडी सोडण्याचे पत्र मालकाच्या हातात पडेपर्यंत तो पडूच नये. पत्र मिळाल्यावर दोन-तीन दिवस द्या, त्यानंतरही मी गाडी नेली नाही तर खुशाल भाडे लावा, मी मुकाट्याने भरीन. त्याआधीचे दिवस पंचनाम्याचे, तपासणीचे आणि सहीचे आहेत. यार्डवाल्याला त्याचे पैसे मिळायला हवेत, कबूल, पण ते गाडी ज्याने अडवून ठेवली त्याने द्यावेत. एकदा सरकारी तिजोरीतून यार्डाचे बिल जाऊ लागले की बुधवारची सही सोमवारी होते की नाही बघा.

मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातातल्या जखमींसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. माणसाच्या बाबतीत सरकारने मान्य केले की अपघातानंतरच्या पहिल्या तासात पैशाची बोलणी होऊ नयेत. गाडीचे प्रकरण त्या मानाने किरकोळ, आणि म्हणूनच ते सोपे असायला हवे.

टेम्पोवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे. परवा फोन केला तर म्हणाला, टेम्पो सुटला, पण हप्ता आणि यार्ड दोन्ही जमेनात म्हणून मेहुण्याकडून उसने घेतले.

सोबत पावतीची झेरॉक्स जोडली आहे. क्रेन कळली, पार्किंगही कळले. 'इतर १२००' म्हणजे काय, ते मी यार्डात दोनदा विचारले. पहिल्यांदा उत्तर मिळाले, रस्त्यावरच्या काचा झाडल्या त्याचे. दुसऱ्यांदा, लोडिंगचे. आपल्या खात्यात कुणाला तिसरे उत्तर माहीत असल्यास कळवावे.

आपला,
पुण्यातला एक वाहनमालक