संघटना काढण्याआधी एवढं वाच

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया
१४ जानेवारी २०२६, मकरसंक्रांत

प्रिय विलास,

तिळगूळ घे, गोड बोल. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझं पत्र दोनदा वाचलं. देवळाच्या मंडपात शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेले सव्वीस जण जमले, हेच मला केवढं मोठं वाटलं! लोकसभेची निवडणूक लागते ती काजू-आंब्याच्या दिवसांत आणि विधानसभेची येते भातकापणीला. नेमक्या त्याच वेळी आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा. डुकरं आणि माकडं शेतात, आणि मालक हातात पत्र्याचा डबा घेऊन बांधावर. आबांच्या दुनळीची पावती घेऊन मी लहानपणी त्यांच्याबरोबर ठाण्याच्या पायरीवर बसलेलो आहे. तेव्हा संघटना काढताय याचा मला मनापासून आनंद आहे.

पण तू पुढे लिहिलंस, "बंदूकवाल्यांची जगातली सगळ्यांत नावाजलेली संघटना तुझ्या गावात आहे, तिची घटना पाठव, तशीच करू." त्यावर दोन आठवडे विचार करत होतो. घटना पाठवतो, पण त्याआधी हे पत्र पूर्ण वाच. नॅशनल रायफल असोसिएशनचं, म्हणजे इथे सगळे म्हणतात त्या एनआरएचं, मुख्यालय माझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. मी तिचा सभासद आहे. आणि माझ्यासारखे सभासद गेली कित्येक वर्षं एकमेकांना एकच प्रश्न विचारतायत: ही संघटना खरंच आपला हक्क राखते का?

मी इथे आलो तेव्हा एच-१बी व्हिसावर होतो. त्या व्हिसावरच्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही, शिकारीचा परवाना काढला तरच सवलत मिळते. मी थांबलो. ग्रीन कार्ड आल्यावर रीतसर फॉर्म भरला, एफबीआयची तपासणी झाली आणि पहिली .२२ ची रायफल घरी आली. ती तिजोरीत असते, किल्ली माझ्या गळ्यात. रविवारी रेंजवर जातो. तिथे एक म्हातारे गृहस्थ भेटतात, व्हिएतनामला जाऊन आलेले, आजीव सभासद. त्यांच्या शेजारच्या लेनवर एक काळा माणूस येतो, शाळेची बस चालवतो. या दोघांचे वाद ऐकत मी ही संघटना शिकलो.

गंमत बघ, एनआरए हक्कासाठी निघालीच नव्हती. १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये यादवी युद्धातल्या दोन अधिकाऱ्यांनी, चर्च आणि विंगेट यांनी, ती काढली, कारण आपल्या सैनिकांचा नेम वाईट आहे असं त्यांना दिसलं होतं. १९३४ मध्ये मशीनगन आणि बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर आणि नोंदणी लादणारा कायदा आला, तेव्हा संघटनेचे अध्यक्ष इथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, समितीपुढे म्हणाले की वाटेल त्याने बंदूक घेऊन फिरावं हे मला पसंत नाही. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेचे कार्यकर्ते उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा भरलेली बंदूक रस्त्यावर नेण्यावर बंदी आली. गव्हर्नर रेगन यांनी सही केली आणि एनआरएचा त्याला पाठिंबा होता. बसवाले गृहस्थ हे साल कधीच विसरत नाहीत.

मग आलं १९७७. पदाधिकाऱ्यांनी ठरवलं होतं की राजधानी सोडायची, मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्जला न्यायचं आणि शिकार, निसर्ग, नेमबाजी एवढंच बघायचं. सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत सभासद नारिंगी टोप्या घालून, वॉकी-टॉकी घेऊन आले. नियमावलीतलं एकेक कलम पुढे करत त्यांनी सभा पहाटेपर्यंत चालवली आणि जुनं नेतृत्व मतांनी उतरवलं. बंडखोरांचे पुढारी हार्लन कार्टर आणि नील नॉक्स यांच्या हाती सूत्रं आली. विलास, त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, पण सभासदांनी आपल्या संघटनेची मान धरून तिला वळवलं, ती रात्र मला फार मोलाची वाटते. कारण त्या रात्री ते करता येत होतं. सभेत उठून बोलता येत होतं, ठराव मांडता येत होता, हात वर करून माणूस बदलता येत होता.

आज कार्यकारिणीवर ७६ संचालक आहेत. मत द्यायचं तर आजीव सभासद हवा, नाहीतर सलग ५ वर्षं वर्गणी भरलेला. एक वर्ष चुकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या मसुद्यात "कार्यकारिणी ठरवेल त्या सभासदांस मताधिकार" असं वाक्य आहे ना, ते खोड. वर्गणी भरली त्या दिवसापासून मत. एवढं एक तरी माझं ऐक.

सभासद मान धरू शकत नाहीत तेव्हा काय होतं तेही इथेच घडलं. वेन लापिएर १९९१ पासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत संघटनेचे कारभारी होते. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी खटला भरला. पैसे कुठे गेले होते? बेव्हर्ली हिल्समधल्या दुकानातले सुमारे पावणेतीन लाख डॉलरचे सूट, खासगी विमानं. वर संघटनेच्या कंत्राटदाराच्या बोटीवर बहामात सुट्ट्या. खटला अंगावर आला तसा २०२१ च्या जानेवारीत संघटनेने टेक्सासमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तोही बहुतेक संचालकांना न सांगता. अर्ज प्रामाणिक हेतूने केलेला नाही असं म्हणून न्यायाधीशांनी तो फेटाळला. २०२४ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने सांगितलं की लापिएर यांनी संघटनेचं ५४ लाख डॉलरचं नुकसान केलं. रेंजवरचे म्हातारे त्या दिवशी आले, बाकावर बसले आणि एकही गोळी न झाडता घरी गेले. निवृत्तिवेतनातून दरवर्षी देणगी द्यायचे ते. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

अर्थात पैसे खाल्ले म्हणजे हक्क राखला नाही असं थेट म्हणता येत नाही, आणि खरा वाद तिथेच आहे. कडवे लोक म्हणतात की एनआरएने प्रत्येक वेळी थोडं थोडं विकलं. १९८६ च्या कायद्याचं उदाहरण देतात. त्या कायद्याने बंदूकमालकांना बरंच दिलं: राज्याराज्यांतून प्रवास करताना संरक्षण मिळालं, केंद्राला बंदूकमालकांची नोंदवही करायला बंदी झाली. पण त्यातच शेवटच्या घटकेला नव्या मशीनगन नागरिकांना कायमच्या बंद करणारी दुरुस्ती घुसली आणि संघटनेने ते विधेयक तरीही पुढे जाऊ दिलं. २०१७ मध्ये लास वेगासला मैफिलीवर गोळीबार झाला. त्यानंतर बंपस्टॉकवर, म्हणजे बंदुकीतून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायच्या दस्त्यावर, जादा नियम हवेत असं एनआरएने स्वतःच म्हटलं. सरकारने बंदी घातली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. तो दावा चालवला ऑस्टिनमधल्या एका बंदूक दुकानदाराने, मायकेल कार्गिल यांनी, दुसऱ्याच एका संस्थेच्या वकिलांसह. मैफिलीतल्या त्या माणसांचा विचार केला की बंपस्टॉकसाठी माझं मन लढत नाही, हे तुला स्पष्ट सांगतो. पण "जे आम्ही सोडून दिलं ते दुसऱ्याने जिंकलं" हे बोलणाऱ्यांचं दुःख मला कळतं.

वॉशिंग्टनमधल्या पिस्तूलबंदीविरुद्धचा हेलरचा खटला तर याहून मोठा. स्वतःच्या घरात बंदूक ठेवणं हा वैयक्तिक हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा २००८ मध्ये म्हटलं, ५ विरुद्ध ४. हा दावा उभा केला तीन वकिलांनी स्वतःच्या हिमतीवर. हरलो तर सगळंच जाईल या भीतीने एनआरएने सुरुवातीला वाटेत अडथळे आणले, असं त्या वकिलांनी पुढे उघड सांगितलं. शिकागोचा तसाच २०१० चा दावा बंदूकहक्काच्या दुसऱ्या एका संस्थेने, सेकंड अमेंडमेंट फाउंडेशनने, नेला. दुसरीकडे, घराबाहेर बंदूक बाळगण्याबद्दलचा २०२२ चा न्यूयॉर्कचा मोठा निकाल एनआरएशी संलग्न राज्य संघटनेच्या नावावर आणि मूळ संघटनेच्या पैशावर लढला गेला, हेही तेवढंच खरं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अधिकाऱ्याने विमा कंपन्यांवर दबाव आणून आपलं तोंड बंद केलं, असा एनआरएचा दावा होता. तो सर्वोच्च न्यायालयात ९ विरुद्ध ० असा उभा राहिला, आणि बाजू मांडली ती एनआरएशी बंदुकांबाबत एरवी कधी न पटणाऱ्या एसीएलयू या नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संस्थेच्या वकिलाने. मला तो दिवस फार आवडला.

बाकीच्या संघटनांचंही ऐक. गन ओनर्स ऑफ अमेरिका म्हणते, आम्ही तडजोड करतच नाही. तरुण पोरांना ते भावतं. मी मात्र तडजोडीला भीत नाही. तुम्हाला कलेक्टर कचेरीत जाऊन काहीतरी द्यावंच लागेल: रात्रीच बार काढू, मतदानाच्या दिवशी बंदूक कुलपात ठेवू, काडतुसांचा हिशेब देऊ. द्या. पण काय दिलं आणि का दिलं ते त्याच संध्याकाळी मंडपात येऊन सांगा. इथे लोकांच्या मनात सल राहिला तो न सांगितल्याचा. आताचंच बघ: १९३४ चा तो २०० डॉलरचा कर या १ जानेवारीपासून सायलेन्सरसाठी शून्य झाला. नोंदणी मात्र जशीच्या तशी राहिली, कारण ती काढणारं कलम सिनेटच्या नियमांत बसलं नाही. प्रत्येक संघटनेने विजयाची पत्रं पाठवली. सभासद विचारतायत, नोंदणी जाणार म्हणून पैसे घेतले होते त्याचं काय?

त्या पत्रांबद्दलही सांगतो. एका संघटनेची (नाव नको) माझ्याकडे महिन्याला चार-पाच पाकिटं येत. वर लाल शिक्का, "शेवटची सूचना". आत एकच मजकूर, या आठवड्यात पैसे आले नाहीत तर तुमच्या बंदुका जातील. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने एक पाकीट फोडलं आणि रात्री विचारलं, "बाबा, पोलीस आपल्या घरी येणार आहेत?" त्या दिवसापासून ती पाकिटं मी फोडत नाही. लांडगा आला रे आला म्हणत वर्गणी गोळा करू नकोस. लांडगा गेला तर आपलं कसं चालेल, याची काळजी मग संघटनेलाच लागते. आणि काडतूस विकणाऱ्या दुकानदाराकडून संघटनेसाठी पैसे घेऊ नकोस. इथे रुगर कंपनीने विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे १ डॉलर एनआरएला द्यायचं ठरवलं होतं आणि दहा लाखांहून जास्त डॉलर दिले. त्यात बेकायदा काही नाही. पण सभेत कुणाचा शब्द जड पडणार, ते मग ठरलेलं असतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. फिलँडो कॅस्टील, वय ३२, शाळेच्या कँटीनवर देखरेख करायचा. काळा माणूस. पोलिसाने गाडी थांबवली. त्याच्याकडे बंदुकीचा परवाना होता आणि आपल्याजवळ बंदूक आहे हे त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितलं. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. गाडीत त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. परवाना काढा, नियम पाळा, पोलिसाला सांगा, हे सगळं त्याने केलं होतं. एनआरएने दोन दिवसांनी छोटं निवेदन काढलं. त्यात कॅस्टीलचं नावसुद्धा नव्हतं. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला.

बसवाल्यांनी त्या आठवड्यात सभासदत्वाचं कार्ड बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "मी याहून जास्त काय करायला हवं होतं, ते मला कुणीतरी सांगा." म्हातारे काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, आणि ते मला आजही लागतं. आता बसवाले नॅशनल आफ्रिकन अमेरिकन गन असोसिएशनचे सभासद आहेत. मी मात्र एनआरए सोडली नाही. माझी सलग पाच वर्षं भरली आहेत, मत आहे, ते टाकत राहणार. २०२४ मध्ये सुधारणा मागणारे चार जण संचालक मंडळावर निवडून आले. त्यात एक नील नॉक्स यांचा मुलगा आहे, आणि दुसरे आहेत दिवाळखोरीच्या वेळी कोर्टात जाऊन उभे राहिलेले संचालक. त्या चौघांना मी मत दिलं.

तू लिहिलंस की धनगरवाड्यावरच्या त्या म्हाताऱ्याचा परवाना नूतनीकरणाला अडवला आहे, नवरा गेल्यावर वारसाने बंदूक मागणाऱ्या बाईला तीन वर्षं हेलपाटे घालायला लावलेत, आणि "ही प्रकरणं वादाची आहेत, पहिल्या अर्जात नकोत, आधी आपल्या सव्वीस जणांचं होऊ दे" असं काही जण म्हणाले. तू त्यावर काय म्हणालास ते लिहिलं नाहीस.

कलेक्टरना देणार त्या अर्जाची प्रत मला पाठव. त्यावर या दोघांची नावं कितव्या क्रमांकावर आहेत, ते आधी कळव.

तुझा,
बाळू