कावीळ झाली की पाणीपुरीच का आठवते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला काविळीच्या रुग्णांवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा यांवर रकानाभर मजकूर, पाण्याच्या टाकीवर जेमतेम एक ओळ!

उन्हाळ्यात माझ्या मुलीला हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारी विषाणूची कावीळ, झाला. रुग्णालयात दाखल करताना एकच प्रश्न: "या आठवड्यात बाहेर काय खाल्लं?" तिनं रविवारी भेळ खाल्ली होती. झालं, केसपेपरवर भेळ चढली. अहो, हा विषाणू पोटात गेल्यावर आजार दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. रविवारच्या भेळेनं त्याच आठवड्यात डोळे पिवळे होतील कसे? विचारायचं तर महिन्यामागचं विचारा. तेव्हा आमच्याकडे टँकर सुरू झाले होते. जमिनीखालच्या टाकीचं झाकण फुटलेलं, हातभर अंतरावर ड्रेनेजचं चेंबर, आणि ते तुंबलं की घाण पाणी सरळ झाकणाखाली उतरतं. फोटो दाखवले, डॉक्टरांनी मान हलवली. केसपेपरवर भेळ ती भेळच.

पुढे आमच्याच विंगमधली आणखी दोन मुलं आजारी पडली. संसर्गाचा संबंध आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर बचाव होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. टाकीचा विषय तेव्हाच निघाला असता तर शेजाऱ्यांना वेळीच सांगता आलं असतं. लहानपणी हा आजार बहुधा अंगावर निघून जातो, मोठ्या वयात तोच माणसाला आडवा करतो. शिवाय डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या आठवडा-दोन आठवड्यांत रुग्णाच्या शौचातून विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो. म्हणजे घरच्यांना पत्ता लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा सिंहगड रस्ता परिसरात पाण्याचे नमुने घेतले गेले. आमच्याकडच्या काविळीच्या वेळी ते का घेतले नाहीत?

आणि जाता जाता: त्या वॉर्डातल्या शौचालयात साबण नव्हता. बाहेर भिंतीला सॅनिटायझरची बाटली टांगलेली. या विषाणूपुढे सॅनिटायझरचा भरवसा नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. काविळीच्या रुग्णांच्या वॉर्डात हे बाहेरच्या माणसानं सांगावं लागतं? तक्रारवहीत लिहून आलो, साबण शेवटपर्यंत आला नाही.

आपला,
एक पालक, धायरी, पुणे