टॉवरने पाऊस पळवला नाही, पण दव उशिरा वाळतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पारावर पुन्हा तोच विषय निघाला. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचे कूलिंग टॉवर ढग पळवतात, म्हणून आपल्या शिवाराला पाऊस हुलकावणी देतो, असं एकाने छातीठोकपणे सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझी तीन एकर केळी टॉवरच्या पश्चिमेला, अगदी नजरेच्या टप्प्यात आहे. म्हणून राहवत नाही.

उंच सरळ चिमणीतून निघतो तो कोळशाचा धूर. डमरूसारख्या टॉवरमधून निघते ती पाण्याची वाफ. केंद्रातून तापून आलेलं पाणी आत तुषारांसारखं खाली पडतं, खालून शिरलेली हवा वर चढते, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं निवतं. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या कोरड्या हवेत ही वाफ टॉवरच्या तोंडाशीच विरते, म्हणून लोकांना टॉवर बंद आहे असं वाटतं. पौषातल्या गारठ्यात मात्र हवेत तेवढी वाफ मावत नाही, तिचे बारीक थेंब होतात आणि पांढरा पट्टा लांबवर जातो.

पावसाचा हिशेब मांडून बघा. एक युनिट विजेमागे साधारण दोन लिटर पाण्याची वाफ होते. 1000 मेगावॅटचे संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे 5 कोटी लिटर. पण 100 चौरस किलोमीटरवर 25 मिलिमीटरची एकच सर पडली तरी ते पाणी 250 कोटी लिटर भरतं, म्हणजे टॉवरची 50 दिवसांची वाफ! आपला पाऊस अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो. त्याला पळवून लावण्याची ताकद या वाफेत नाही.

त्रास आहे तो वेगळाच, आणि त्याबद्दल पारावर कुणी बोलत नाही. थंडीत पहाटे पूर्वेचा वारा असला की तो पट्टा माझ्या बागेवर येतो आणि कोवळं ऊन त्याच्या आड राहतं. दोन किलोमीटरवर भावाच्या बागेतलं दव साडेआठला वाळलेलं असतं. माझ्याकडे नऊ वाजून गेले तरी पानं ओलीच. पान जितका वेळ ओलं, तितकं करप्याच्या बुरशीला फावतं, हे केळीवाल्याला वेगळं सांगायला नको. गेले दोन हिवाळे मी दव वाळण्याची वेळ रोज वहीत लिहितो आहे.

फळपीक विमा तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. टॉवरच्या सावलीतली बाग आणि पाच किलोमीटरवरची बाग तिथे सारखीच. माझी कृषी विभागाला विनंती आहे, की टॉवरच्या पूर्वेला, पश्चिमेला आणि जरा लांब अशा तीन ठिकाणी तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजणारी यंत्रं निदान एक हिवाळा बसवावीत. नाशिकच्या द्राक्षबागांत अशी यंत्रं आता नवी राहिलेली नाहीत. पश्चिमेच्या यंत्राला माझ्या बांधावर जागा देतो, आणि वहीही देतो.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी,
ता. भुसावळ, जि. जळगाव